२०५ विरुद्ध २२८

अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात एखाद्या विधेयकावरचे मतदान साधारणपणे पंधरा मिनिटांत उरकते. २९ सप्टेंबर २००८ च्या सोमवारी दुपारी ते सुमारे चाळीस मिनिटे चालू राहिले, कारण फलकावर जो आकडा दिसत होता तो दोन्ही पक्षांच्या नेत्यांना पचत नव्हता. डबघाईला आलेल्या वित्तीय क्षेत्राला ७०० अब्ज डॉलरचा आधार देणाऱ्या त्या विधेयकाच्या मागे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश होते, अर्थमंत्री हेन्री पॉल्सन होते, फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष बेन बर्नान्की होते, सभापती नॅन्सी पलोसी आणि रिपब्लिकन गटाचे नेते जॉन बेनर होते, आणि महिन्याभरावर आलेल्या निवडणुकीतले दोन्ही उमेदवार, बराक ओबामा आणि जॉन मॅकेन, हेही होते. एवढी मंडळी एकीकडे असताना बाजूने २०५ आणि विरोधात २२८ मते पडली. विरोध करणाऱ्यांत राष्ट्राध्यक्षांच्या स्वतःच्या पक्षाचे १३३ जण होते. काही वाहिन्यांनी पडद्याच्या एका भागात मतांची बेरीज आणि दुसऱ्या भागात शेअर बाजाराच्या डाऊ जोन्स निर्देशांकाची रेषा दाखवली होती. विरोधातली मते वाढत तसतशी ती रेषा खाली उतरत होती. दिवसअखेर निर्देशांक ७७७ अंकांनी, म्हणजे सुमारे सात टक्क्यांनी घसरला होता. तोवरच्या इतिहासात एका दिवसात एवढे अंक त्याने कधीच गमावले नव्हते.

मी त्या वेळी न्यू जर्सीत एका विमा कंपनीच्या संगणक विभागात कंत्राटी नोकरी करत होते. कचेरीच्या उपाहारगृहात दूरचित्रवाणी संच होता आणि त्या दुपारी त्याच्यासमोर नेहमीपेक्षा जास्त माणसे उभी होती. विधेयक पडल्याचे जाहीर झाले तेव्हा एका कोपऱ्यातून टाळ्या ऐकू आल्या, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांतल्याच एक बाई पुढच्या क्षणी घाईघाईने आपल्या टेबलाकडे गेल्या, कारण निवृत्तीसाठी साठवलेल्या खात्यात आता किती उरले आहे हे त्यांना पाहायचे होते. या दोन कृतींत विसंगती आहे असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. माझी स्वतःची स्थिती मात्र चमत्कारिक होती. तात्पुरत्या व्हिसावर काम करणारी असल्याने मी कर भरत होते, पण मत देऊ शकत नव्हते. त्या ७०० अब्जांत माझाही खारीचा वाटा होता. मात्र फोन करून जाब विचारावा असा माझा कोणी खासदार नव्हता. आजूबाजूचे लोक त्या आठवड्यात जे काही करत होते त्याकडे मी जरा हेव्यानेच पाहत होते.

त्याआधीचे तीन आठवडे थोडक्यात सांगते. ७ सप्टेंबरला फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या गृहकर्जांच्या दोन प्रचंड संस्था सरकारने आपल्या ताब्यात घेतल्या. १५ तारखेला १८५० साली स्थापन झालेली लेहमन ब्रदर्स दिवाळखोरीत गेली आणि मेरिल लिंच विकली गेली. १६ तारखेला एआयजी या विमा कंपनीला फेडरल रिझर्व्हने ८५ अब्ज डॉलरचे कर्ज देऊन जवळजवळ ८० टक्के मालकी घेतली. त्याच दिवशी, बचत खात्याइतकाच सुरक्षित समजला जाणारा एक मनी मार्केट फंड डॉलरमागे ९७ सेंटवर आला, आणि मग मोठमोठ्या कंपन्यांना रोजच्या खर्चासाठी मिळणारे अल्पमुदतीचे कर्जही आटू लागले. या सगळ्याच्या मुळाशी होती परतफेडीची ऐपत न पाहता दिलेली घरकर्जे. ती एकत्र बांधून, त्यांचे तुकडे करून, वर उत्तम पतमानांकनाचे शिक्के मारून ती जगभर विकली गेली होती, आणि आता कोणाच्या तिजोरीत किती सडका माल आहे हे कोणालाच कळत नसल्यामुळे बँका एकमेकींना रात्रीपुरतेही पैसे द्यायला तयार नव्हत्या.

२० सप्टेंबरला अर्थखात्याने यावर जो उपाय काढला तो तीन पानांचा होता. एवढ्या रकमेचा कायदा एवढ्या कमी कागदावर मागितला गेल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. अर्थमंत्र्यांनी ७०० अब्ज डॉलरपर्यंतची अडकलेली गृहकर्जाधारित मालमत्ता आपल्या मर्जीने, आपण ठरवू त्या किमतीला विकत घ्यावी असा त्याचा गाभा होता, आणि आठव्या कलमात म्हटले होते की अर्थमंत्र्यांच्या या निर्णयांची कोणत्याही न्यायालयाला किंवा प्रशासकीय संस्थेला फेरतपासणी करता येणार नाही. लोकांच्या डोक्यात पहिली ठिणगी पडली ती रकमेपेक्षा या कलमाने, असे मला वाटते. रकमेचा तर अंदाजच येत नव्हता. त्या वेळच्या दराने रुपयांत सांगायचे तर ती सुमारे तेहतीस लाख कोटी, म्हणजे भारत सरकारच्या त्या वर्षीच्या संपूर्ण अर्थसंकल्पाच्या चौपटीहून जास्त होती. दर अमेरिकी माणसामागे, तान्ह्या मुलांसकट, सुमारे २३०० डॉलर. हा आकडा आला कुठून, असे विचारल्यावर अर्थखात्याच्या प्रवक्त्याने तो कोणत्याही विशिष्ट माहितीवर आधारलेला नसून आम्हाला फक्त एक खूप मोठा आकडा हवा होता, असे सांगून टाकले. प्रामाणिक उत्तर होते; पण बँकेत घरकर्जाच्या मुदतवाढीसाठी तीन वर्षांचे पगारपत्रक आणि करविवरण घेऊन बसणाऱ्या माणसाने ते वर्तमानपत्रात वाचले तेव्हा त्याला काय वाटले असेल?

त्या दहा दिवसांत लोकांनी फोन उचलला. अमेरिकेत आपल्या खासदाराच्या कचेरीत फोन करून या विधेयकावर असे मत द्या म्हणून सांगण्याची जुनी रीत आहे. कचेरीतली तरुण मुले तो निरोप लिहून घेतात आणि संध्याकाळी बाजूने किती, विरोधात किती याची बेरीज खासदाराच्या टेबलावर जाते. या वेळी फोनच्या ओळी अखंड व्यग्र राहिल्या. शंभरांतले नव्वदहून अधिक निरोप विरोधात असल्याचे दोन्ही पक्षांचे कितीतरी खासदार सांगत होते. निम्मे लोक ‘नाही’ म्हणतात आणि उरलेले निम्मे ‘मुळीच नाही’ म्हणतात, हा विनोद तेव्हा वॉशिंग्टनमध्ये तोंडोतोंडी झाला होता. मतदानाच्या सुमारास प्रतिनिधीगृहाचे संकेतस्थळ भार न पेलवून अडखळू लागले आणि मतदारांच्या ई-मेलवर काही काळ मर्यादा घालावी लागली. २५ सप्टेंबरला वॉल स्ट्रीटजवळ, धातूच्या त्या प्रसिद्ध बैलाच्या आसपास, लोक हाताने रंगवलेले फलक घेऊन जमले होते. ओहायोच्या मार्सी कॅप्टर यांनी सभागृहात उभे राहून वॉल स्ट्रीट बेलआउट नावाच्या एका खेळाचे नियम उपरोधाने वाचून दाखवले: पहिला नियम, निर्णयाची घाई करा, दुसरा, भीती दाखवून लोकांना निःशस्त्र करा. तुफान उपरोध होता तो, आणि त्यात अतिशयोक्ती फारच थोडी होती.

आमच्या शेजारी राहणारे एक गृहस्थ टपाल खात्यातून निवृत्त झालेले होते. कोणत्याही आंदोलनात जाण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. हिवाळ्यात आमच्या पायऱ्यांवरचे बर्फ न सांगता झाडून देणारा, अबोल असा तो माणूस. त्यांनीही फोन लावला होता. काय सांगितलेत, असे मी विचारल्यावर ते म्हणाले, ‘एवढेच सांगितले की माझा मुलगा घराचे हप्ते भरू शकला नाही तेव्हा बँकेने त्याला जबाबदारी शिकवली. आता बँकेची पाळी आहे.’ या वाक्यात अर्थशास्त्र कच्चे असेल. पण ज्या शिकवणीवर त्या देशाने आपल्या गरिबांना कित्येक दशके जोखले होते ती त्यांनी जशीच्या तशी परत केली होती. त्या एका वर्षात अमेरिकेतल्या सुमारे २३ लाख मालमत्तांवर जप्तीची कारवाई सुरू झाली होती. त्यातल्या कोणासाठीही राष्ट्राध्यक्षांनी रात्री नऊ वाजता देशाला उद्देशून भाषण केले नव्हते.

विरोध करणारे सगळे एका जातीचे नव्हते, हे मात्र नोंदवायला हवे. डेमोक्रॅटिक पक्षाच्या ९५ विरोधकांतले बरेच जण घर गमावणाऱ्यांसाठी काहीच नाही म्हणून रागावले होते, तर रिपब्लिकन विरोधकांतले बरेच जण सरकारने बाजारात हात घालणे हीच समाजवादाची सुरुवात आहे म्हणून रागावले होते. शंभराहून अधिक अर्थतज्ज्ञांनी, ज्यांत शिकागो विद्यापीठातले बाजारवादी प्राध्यापकही होते, काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, पत्र लिहून योजनेच्या न्याय्यतेबद्दल आणि संदिग्धतेबद्दल आक्षेप घेतले होते. त्यांचा मुद्दा सोपा होता. सडका माल बाजारभावाने घेतला तर बँका बुडीत असल्याचे उघड होणार, आणि चढ्या भावाने घेतला तर ती भागधारकांना दिलेली भेट ठरणार. मग भाव ठरवायचा कसा? याचे उत्तर पॉल्सन यांच्याकडे नव्हते, आणि पुढे घडलेल्या घटना पाहता ते कधी सापडलेही नाही. जनमत चाचण्यांचे कोडे तर आणखी वेगळे होते. वित्तीय संस्था आणि बाजार सुरक्षित ठेवण्यासाठी सरकारने अब्जावधी गुंतवावेत का, असे विचारल्यावर ५७ टक्के लोक हो म्हणाले. त्याच दिवसांत दुसऱ्या चाचणीत, करदात्यांच्या पैशाने खासगी कंपन्यांना वाचवणे ही सरकारची जबाबदारी आहे का, असे विचारल्यावर ५५ टक्के लोक नाही म्हणाले. जाणकारांनी यावरून लोकांना काही समजत नाही असा निष्कर्ष काढला. मला यात लोकांचे पक्के शहाणपण दिसते. बाजार वाचावा अशी त्यांची इच्छा होतीच. ज्यांनी तो बुडवला ते मालक म्हणून तसेच राहावेत अशी नव्हती. या दोन गोष्टी वेगळ्या करून मागण्याची सोय विधेयकात नव्हती.

विधेयक पडल्यावरची रात्र मला दोन कारणांनी आठवते. एक म्हणजे दोष कोणाचा यावर वॉशिंग्टनमध्ये झालेली चिखलफेक. मतदानापूर्वी पलोसी यांनी केलेल्या पक्षीय भाषणामुळे आमचे काही सदस्य बिथरले, असे रिपब्लिकन नेत्यांनी सांगितले. त्यावर डेमोक्रॅटिक पक्षाचे बार्नी फ्रँक यांनी, कोणी यांच्या भावना दुखावल्या म्हणून हे देशाला शिक्षा करणार का, अशी टर उडवली. दुसरे कारण म्हणजे घरून आलेला फोन. भारतात तेव्हा मंगळवारची सकाळ होती. एका मोठ्या खासगी बँकेचे पैसे लेहमनमध्ये अडकले असल्याच्या अफवेने आमच्या गावातही एटीएमसमोर रांग लागली होती आणि बाबा त्या रांगेतून बोलत होते. ‘अगं, तुमच्या तिकडच्या मतांवर आमची एफडी कधीपासून अवलंबून राहायला लागली?’ असे त्यांनी विचारले. त्याच दिवशी रिझर्व्ह बँकेने निवेदन काढून रोख रकमेची पुरेशी व्यवस्था केल्याचे सांगितले आणि अफवा शमली. पवईत लेहमनच्या कचेऱ्यांत दोन हजारांहून अधिक लोक काम करत होते. त्यांतले काही जण माझ्या महाविद्यालयातले होते, आणि नोमुरा या जपानी कंपनीने तो सगळा विभाग घेईपर्यंत त्यांचा जीव टांगणीला लागलेला होता. बाबांच्या प्रश्नाला मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. खरे उत्तर असे होते की त्यांच्या एफडीचा आणि त्या मतदानाचा संबंध होता, माझ्या शेजाऱ्यांच्या रागाचा आणि त्या मतदानाचाही होता, पण त्यांतल्या फक्त एकाला फोन करण्यासाठी क्रमांक उपलब्ध होता.

पुढच्या चार दिवसांत काय झाले ते संसदीय कारागिरीचा नमुना म्हणून अभ्यासण्याजोगे आहे. सिनेट या वरिष्ठ सभागृहाने तेच विधेयक दुसऱ्या एका विधेयकाला जोडून १ ऑक्टोबरला ७४ विरुद्ध २५ मतांनी मंजूर केले. तीन पानांचे आता साडेचारशे पाने झाले होते. बँकेतल्या ठेवींच्या विम्याची मर्यादा एक लाखावरून अडीच लाख डॉलर केली गेली, ही त्यातली खरोखर उपयोगाची भर. मानसिक आजारांना शारीरिक आजारांइतकेच विमासंरक्षण देण्याची तरतूद ही दुसरी. मग करसवलतींची रांग लागली, आणि त्या रांगेत लहान मुलांच्या खेळण्यातले लाकडी बाण बनवणाऱ्यांसाठीही एक सवलत होती. ते बाण जगाच्या वित्तव्यवस्थेला नेमके कसे तारणार होते, हे कोणीच समजावून सांगितले नाही. दरम्यान फोनचा सूरही थोडा बदलला होता. सोमवारच्या घसरणीने निवृत्तीची पुंजी वितळताना पाहिलेले लोक, काहीतरी करा, असे म्हणू लागले होते. शुक्रवारी, ३ ऑक्टोबरला, प्रतिनिधीगृहाने २६३ विरुद्ध १७१ मतांनी होकार दिला. सोमवारी नाही म्हटलेल्या पन्नासहून अधिक सदस्यांनी आपले मत फिरवले होते. बुश यांनी काही तासांत सही केली. बाजार त्या दिवशीही पडला, आणि पुढच्या आठवड्यात तर सुमारे अठरा टक्के पडला.

मत फिरवणाऱ्यांत मेरीलँडचे एलायजा कमिंग्ज होते. त्यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण या सगळ्या प्रकरणात लोकप्रतिनिधी या पदाची कसोटी मला त्यांच्यात सर्वांत स्पष्ट दिसते. बाल्टिमोरमधला त्यांचा मतदारसंघ घरांच्या जप्तीने होरपळलेला होता. सोमवारी त्यांनी विरोधात मत दिले. मग ओबामांचा फोन आला, घरमालकांसाठी पुढे काही करू असे आश्वासन मिळाले आणि शुक्रवारी त्यांनी बाजूने मत दिले. चारच दिवसांनी उघड झाले की ८५ अब्जांची मदत मिळाल्यानंतर आठवडाभराच्या आत एआयजीच्या एका उपकंपनीने कॅलिफोर्नियातल्या आलिशान समुद्रकाठच्या हॉटेलात चार लाख डॉलरहून अधिक खर्चाचा मेळावा भरवला होता, ज्यात मालिश आणि सौंदर्योपचारांचाही खर्च होता. दरम्यान पॉल्सन यांनी सडका माल विकत घेण्याची मूळ कल्पनाच गुंडाळून ठेवली, १३ ऑक्टोबरला नऊ मोठ्या बँकांच्या प्रमुखांना एका खोलीत बसवले आणि त्यांच्या भांडवलात थेट १२५ अब्ज डॉलर घातले. आर्थिकदृष्ट्या हा मार्ग अधिक शहाणपणाचा होता. पण ज्या गोष्टीसाठी मत मागितले होते ती ही नव्हती. या पैशाचे वाटप सांभाळण्यासाठी नेमलेले नील काशकरी हे पस्तीस वर्षांचे, काश्मिरी आईवडिलांच्या पोटी ओहायोत जन्मलेले अधिकारी होते आणि भारतीय वर्तमानपत्रांत त्यांचे कौतुक चालले होते. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीतही ते नाव अभिमानाने घेतले गेले, जणू काही आपल्यातल्याच कोणाच्या हाती खजिन्याची किल्ली आली होती. नोव्हेंबरच्या मध्यावर याच काशकरींना समितीसमोर बसवून कमिंग्ज यांनी एआयजीच्या बोनसविषयी विचारले, आणि मग म्हणाले की लोक मला विचारतात, हा काशकरी काय भोळसट आहे का? काशकरींच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे भाव होते त्यांचे मला वाईट वाटले होते, कारण ते पगारी अधिकारी होते आणि प्रश्न त्यांचा नव्हताच. कमिंग्ज तो प्रश्न आपल्या ३ ऑक्टोबरच्या मतालाच विचारत होते, असा माझा समज आहे.

या कायद्याच्या समर्थकांचे आवडते उत्तर असे की पैसे परत आले. ते खोटे नाही. ७०० अब्जांची मर्यादा २०१० मध्ये ४७५ अब्जांवर आणली गेली, प्रत्यक्षात त्याहूनही कमी खर्च झाला, बँकांना दिलेले पैसे व्याजलाभांशासह वसूल होऊन वर नफा झाला, आणि काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाच्या हिशेबाने सगळे मिळून निव्वळ नुकसान सुमारे तीस अब्जांच्या घरात राहिले. बर्नान्की यांनी नंतर एका मुलाखतीत दृष्टान्त दिला होता: शेजारी पलंगावर सिगारेट ओढताना झोपला आणि त्याचे घर पेटले, तर त्याला धडा शिकवण्यासाठी आग पसरू द्यायची की आधी विझवायची? दृष्टान्त बिनतोड आहे. फक्त, आग विझल्यावर काय झाले ते त्यात येत नाही. शेजाऱ्याचे घर पुन्हा बांधून मिळाले, त्याला बोनस मिळाला, आणि धुराने ज्यांची घरे निकामी झाली त्यांना अर्ज भरायला सांगितले गेले. २००९ मध्ये ३० ते ४० लाख कुटुंबांचे कर्जहप्ते कमी करण्याची योजना जाहीर झाली. ते उद्दिष्ट गाठले गेले नाही, आणि कागदपत्रे हरवली म्हणून तेच अर्ज पुन्हा पुन्हा मागवणाऱ्या बँकांच्या कहाण्या माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत ऐकू येत होत्या. वॉल स्ट्रीटवरच्या कोणत्याही बड्या बँकेचा मुख्य अधिकारी तुरुंगात गेला नाही. टपाल खात्यातले आमचे शेजारी हिशेब मागतच नव्हते. त्यांनी मागितली होती ती समान वागणूक, आणि पैसे परत आले हे त्या मागणीचे उत्तर होऊ शकत नाही.

मला अधिक विचार करायला लावते ती दुसरीच गोष्ट. या साऱ्या संकटात सरकारी यंत्रणेने जे काही केले त्याचा ७०० अब्ज हा लहान भाग होता. एआयजीला कर्ज देताना मतदान झाले नव्हते. फेडरल रिझर्व्हने मंदीच्या काळात, १९३२ साली, कायद्यात घातलेल्या एका तरतुदीचा आधार घेतला होता. त्या संध्याकाळी तुमच्याकडे ८० अब्ज आहेत का, असे बार्नी फ्रँक यांनी विचारल्यावर बर्नान्की यांनी आमच्याकडे ८०० अब्ज आहेत, असे उत्तर दिल्याचे नंतर प्रसिद्ध झाले. मनी मार्केट फंडांतल्या तीन हजार अब्जांहून अधिक रकमेला सरकारने हमी दिली ती १९३४ साली परकीय चलनव्यवहारासाठी स्थापन झालेल्या एका निधीच्या जोरावर. त्यालाही कोणाला विचारावे लागले नाही. फेडरल रिझर्व्हचा ताळेबंद त्या सप्टेंबरात सुमारे ९०० अब्जांचा होता, तो डिसेंबरपर्यंत २२०० अब्जांच्या वर गेला. यासाठी कोणाच्या कचेरीतला फोन वाजल्याचे मी तरी ऐकले नाही. लोकांचा सगळा संताप एकाच दारावर धडकला, कारण ते एकच दार असे होते ज्यावर पाट्या लावलेल्या होत्या. ४३५ जागांवरच्या प्रत्येकाला नाव होते, मतदारसंघ होता, पाच आठवड्यांवर निवडणूक होती. ज्यांच्या जागा धोक्यात होत्या त्यांतल्या बहुतेकांनी २९ तारखेला विरोधात मत दिले, याची खूप हेटाळणी झाली. भ्याड, मतलबी असे शब्द वापरले गेले. मला ती हेटाळणी पटत नाही. मतदाराला घाबरणे हा प्रतिनिधीच्या नोकरीचाच भाग आहे.

आणि ज्यांनी भीती बाजूला ठेवली त्यांना किंमत मोजावी लागली. युटाचे बॉब बेनेट हे तीन वेळा निवडून आलेले, जुन्या वळणाचे रिपब्लिकन सिनेटर. २०१० च्या मे महिन्यात पक्षाच्याच राज्य अधिवेशनात त्यांना उमेदवारी नाकारली गेली आणि सभागृहात ७०० अब्जांच्या त्या योजनेच्या नावाचा घोष करून त्यांना निरोप देण्यात आला. उजवीकडे टी पार्टी ही सरकारी खर्चाविरुद्धची चळवळ उभी राहिली, डावीकडे सप्टेंबर २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या झुकोटी पार्कमध्ये ‘ऑक्युपाय वॉल स्ट्रीट’च्या आंदोलकांचे तंबू पडले. पुढच्या अमेरिकी राजकारणाचे सगळे खापर या एका मतावर फोडणारे लेख मी बरेच वाचले आहेत. ते मला जरा ओढूनताणून वाटतात. पण आपण एकदा नाही म्हटल्यावरही दोन्ही पक्षांच्या नेत्यांनी मिळून चार दिवसांत पुन्हा तेच विचारले, ही आठवण त्या दोन्ही गर्दींत जागी होती.

बाबांशी या विषयावर पुढे कितीदा तरी बोलणे झाले, आणि दर वेळी ते मला एकाच जागी आणून सोडत: आपल्याकडे असे मतदान झाले असते का? होऊच शकले नसते. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर, म्हणजे राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानंतर, पक्षादेश मोडून मत देणाऱ्या खासदाराचे सदस्यत्वच धोक्यात येते. आपल्याच पंतप्रधानांच्या आर्थिक विधेयकाविरुद्ध १३३ जणांनी उभे राहणे ही आपल्याकडे कल्पनेतही न बसणारी गोष्ट आहे. त्यामुळे सांगलीच्या किंवा नांदेडच्या मतदाराने खासदाराला फोन केला तरी त्या फोनचे करायचे काय, हे खासदारालाही समजणार नाही. २००१ च्या जुलैमध्ये यूटीआयच्या यूएस-६४ या गुंतवणूक योजनेची खरेदी-विक्री गोठवली गेली तेव्हा, किंवा २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारी बँकांसाठी २ लाख ११ हजार कोटी रुपयांच्या फेरभांडवलाची घोषणा झाली तेव्हा, कोणता खासदार कोणत्या बाजूचा हे विचारण्याचा प्रसंगच आला नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेच्या खातेदारांना सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येतील असे सांगितले गेले. बँकेने सत्तर टक्क्यांहून अधिक कर्ज एकाच बांधकाम उद्योगसमूहाला दिल्याचे उघड झाले, आणि मुंबईत माणसे रस्त्यावर आली. विधानसभेच्या मतदानाला दहा-बारा दिवस उरले असताना अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी त्यांच्या प्रतिनिधींची भेट घेतली, ती पक्षाच्या कार्यालयात. ठेवींच्या विम्याची मर्यादा पुढच्या फेब्रुवारीत एक लाखावरून पाच लाख झाली, तेवढे त्या आक्रोशाचे श्रेय. मोठ्या ठेवीदारांना मात्र आपल्याच पैशांसाठी दहा वर्षांपर्यंतची वाट पाहण्याची योजना पुढे हाती आली. त्यांचा राग माझ्या शेजाऱ्यांच्या रागाहून कमी नव्हता; त्यांच्यापैकी कितीतरी जण म्हातारे होते, आजारी होते. त्यांच्याकडे २०५ आणि २२८ असे काही नव्हते, एवढाच फरक.

अमेरिकेतही तो फरक हळूहळू पुसला जातो आहे असे मला वाटू लागले ते २०२० मध्ये. करोनाच्या टाळेबंदीत सिनेटने ९६ विरुद्ध ० मतांनी मंजूर केलेले २२०० अब्ज डॉलरचे विधेयक २७ मार्चला प्रतिनिधीगृहात आले. त्यात सामान्य कुटुंबांना थेट धनादेश होते, बेरोजगारी भत्ता होता, आणि शिवाय फेडरल रिझर्व्हने मोठ्या उद्योगांना आणि बाजाराला द्यायच्या कर्जांमागे उभे करण्यासाठी ४५४ अब्ज डॉलरही होते. २००८ मध्ये मागितलेल्या रकमेच्या निम्म्याहून जास्त, आणि त्यावर उभे राहणारे कर्ज तर कितीतरी पट. केंटकीचे रिपब्लिकन सदस्य थॉमस मॅसी यांनी प्रत्येकाचे मत नावानिशी नोंदवले जावे अशी मागणी केली. त्यामुळे साथीच्या दिवसांत सदस्यांना देशभरातून वॉशिंग्टन गाठावे लागले म्हणून दोन्ही पक्ष त्यांच्यावर तुटून पडले, आणि राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी तर त्यांना पक्षातून काढण्याची भाषा केली. साथ खरी होती आणि घाईही खरी होती, हे मला मान्य आहे. २००८ मध्येही घाई खरीच होती. नोंदणीकृत मतदानासाठी उपस्थितांपैकी एक पंचमांश सदस्यांनी उभे राहावे लागते. तेवढे कोणी उठले नाही. पीठासीन अधिकाऱ्यांनी आवाजी मतदानाने विधेयक मंजूर झाल्याचे जाहीर केले, आणि त्या दिवशी आपल्या प्रतिनिधीने हो म्हटले की नाही, हे अमेरिकेतल्या कोणत्याही मतदाराला सभागृहाच्या नोंदींत शोधून सापडणार नाही.